कुत्रा म्हणजे निष्ठाच, असे कसे म्हणता येईल?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत युरोपीय व्यक्तिचित्रांमधील पाळीव कुत्र्यांविषयी आलेला लेख वाचला. विषय चांगला आहे आणि मराठीत त्यावर फारसे लिहिले जात नाही. तथापि व्यक्तिचित्रात कुत्रा दिसला की तो निष्ठेचे प्रतीक समजावा, हे लेखातील सूत्र सरसकट मान्य करण्याजोगे नाही. दत्ताच्या तसबिरीतील चार कुत्री म्हणजे चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आल्यामुळे असे ठरीव अर्थ आपल्याला चटकन पटतात. पण उपासनेच्या चित्रातील संकेत परंपरेने पक्का झालेला असतो. पैसे मोजून स्वतःचे चित्र काढून घेणाऱ्या माणसाच्या पायाशी बसलेल्या कुत्र्याबाबत तसे म्हणता येत नाही.

लेखाचा सारा भर यान व्हान आइकने १४३४ मध्ये रंगवलेल्या आणि सध्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रावर आहे. त्यातील कुत्रा वैवाहिक निष्ठेचा द्योतक आहे, हा अर्थ रूढ झाला तो मुख्यतः कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांच्या १९३४ सालच्या निबंधामुळे. तो अगदीच निराधार नव्हता: मध्ययुगीन थडग्यांवरील स्त्रियांच्या शिल्पांच्या पायाशी लहान कुत्री कोरलेली आढळतात, आणि इटालियन पंडित अल्चातोच्या प्रसिद्ध प्रतीकसंग्रहातही पत्नीच्या निष्ठेसाठी कुत्राच योजलेला आहे, मात्र तो संग्रह प्रथम छापला गेला १५३१ मध्ये, म्हणजे या चित्रानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. शिवाय इन्फ्रारेड तपासणीत या कुत्र्याचे प्राथमिक रेखाटन सापडलेले नाही, यावरून रंगकाम सुरू झाल्यानंतरच तो चित्रात आला असे दिसते. मागच्या भिंतीवरील बहिर्वक्र आरशात दांपत्य पाठमोरे दिसते, दारातील माणसे दिसतात, कुत्रा तेवढा दिसत नाही. मागाहून आला म्हणून तो निरर्थक ठरतो असे मुळीच नाही. पण चित्राची मांडणीच वैवाहिक निष्ठेभोवती झाली, या म्हणण्याला त्यामुळे बाध येतो. त्या कुत्र्याचा केस न् केस ज्या चिकाटीने रंगवला आहे ती पाहता, फरचे कपडे, पितळी झुंबर आणि खिडकीतली महागडी संत्री यांच्याइतकाच तोही श्रीमंत व्यापाऱ्याच्या घराची शोभा सांगतो, असे मला वाटते.

टिशियनने १५३३ च्या सुमारास रंगवलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सच्या चित्रातील भलामोठा शिकारी कुत्रा तर वेगळीच गोष्ट सांगतो. सम्राटाचा हात त्याच्या गळपट्ट्यावर आहे. एवढे दांडगे जनावर ज्याच्या मुठीत निमूट उभे राहते त्याचा दरारा पाहणाऱ्याने ओळखावा, असा हा हिशेब आहे. गोयाच्या १७९५ मधील आल्बाच्या डचेसच्या, म्हणजे एका स्पॅनिश उमराव स्त्रीच्या, चित्रात हे आणखी उघड होते. शुभ्र पोशाखातील डचेसच्या कमरेला लाल पट्टा आहे आणि तिच्या पायाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या, चिमुकल्या कुत्र्याच्या मागच्या पायालाही लाल फीत बांधलेली आहे. मालकिणीशी रंगसंगती साधणारे हे कुत्रे निष्ठेपेक्षा तिच्या थाटाबद्दल अधिक बोलते. व्हेलास्केझच्या ‘लास मेनिनास’ या चित्रातला कुत्रा पाठीवर पाय देऊन डिवचला जात असूनही पेंगतोच आहे, त्याला प्रतीकाचे ओझे कशाला द्यायचे!

विल्यम होगार्थचे १७४५ चे आत्मचित्र लेखात यायलाच हवे होते. त्यात होगार्थने स्वतःला चित्रातल्या चित्रात, लंबगोल कॅनव्हासवर बसवले आहे आणि त्याचा ट्रम्प नावाचा पग जातीचा कुत्रा मात्र त्या कॅनव्हासच्या पुढ्यात सदेह बसला आहे. क्ष-किरण तपासणीनुसार होगार्थ आधी केसांचा टोप आणि रुबाबदार कोट घालून रंगवलेला होता. तो थाट पुसून त्याने साधी टोपी आणि घरगुती पेहराव पत्करला. अशा आडमुठ्या, रोखठोक चित्रकाराशेजारचा तो चपट्या नाकाचा कुत्रा मला निष्ठेचे रूपक नव्हे, तर मालकाच्या स्वभावाचा जोडीदार वाटतो.

जाता जाता एक विनंती. लेखासोबत छापलेले आर्नोल्फिनी चित्र कमरेच्या वरचेच असल्याने ज्याच्याविषयी लेख लिहिला तो कुत्राच वाचकांना पाहायला मिळाला नाही. पुढील लेखांत चित्रे न कापता छापावीत आणि खाली चित्रकाराचे नाव, साल व संग्रहालय द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर