पुरवणीचा दोरा

कोल्हापूर, 12 नोव्हेंबर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आठवडा कसा गेला म्हणून विचारलं, तर तू म्हणालास, "काही विशेष नाही गं, सबमिशन आणि व्हायवा." तेवढ्यात तुला कुणीतरी हाक मारली आणि बोलणं राहिलं. माझंही तसंच चाललंय. सकाळी सुपरव्हिजन, दुपारी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, रात्री गुणांच्या याद्या. पण दोन गोष्टी तुला सांगायच्याच होत्या, म्हणून लिहायला बसले.

परवाच्या पेपरला मागच्या बाकावरच्या एका मुलानं पुरवणीसाठी हात वर केला. देताना त्याची बोटं दिसली. बारीक बारीक चिरा, काही ताज्या, काही खपली धरलेल्या. उसाच्या पाल्यानं चिरलेले हात मला लगेच ओळखू येतात, माहेरी दिवाळी झाली की सगळ्यांचे हात असेच असायचे. हे पोरगं पन्हाळ्याकडनं पहिल्या एसटीनं येतं. घरची तोड सुरू असणार. जिथं पेन टेकतं नेमकी तिथंच चीर होती, म्हणून त्यानं पेन दोन बोटांच्या बेचक्यात धरलं होतं. तरी ओळ कुठं वाकडी नव्हती. पुरवणीचा दोरा ज्याचा त्यानं बांधायचा असतो. त्याचा मी बांधून दिला. त्यानं नुसतं वर बघितलं आणि परत लिहायला लागला. घरी आल्यावरही ती बोटं डोळ्यांपुढनं हलेनात.

दुसरं म्हणजे किरणोत्सव. 10 तारखेला गठ्ठे तसेच टाकून अंबाबाईला गेले. वर्गात मी नेहमी सांगते, मावळतीची जागा 21-22 डिसेंबरपर्यंत दक्षिणेला सरकते आणि आल्या वाटेनं माघारी फिरते. म्हणून 9 ते 11 नोव्हेंबरला मावळतीला देवीच्या मूर्तीवर येणारी किरणं 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारीला पुन्हा येतात. मधल्या दिवसापासनं दोन्हीकडं सारखंच, साधारण सहा आठवड्यांचं अंतर. फळ्यावर हे सोपं असतं रे. तिथं दिवे मालवले, महाद्वारातनं आलेलं ऊन गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा करत सरकत आलं, आणि माझा भूगोल कुठल्या कुठं गेला. चरण उजळले, किरणं कमरेपर्यंत चढली, आणि पश्चिमेला ढग आडवा आला. सगळ्या मंडपातनं एकदमच "अगं आई" असं निघालं. तरी कुणी जागचं हललं नाही. पुढची म्हातारी टाचा उंचावून उभी होती, ती तशीच राहिली.

तू चार वर्षांचा असताना तिथंच, बाबांच्या खांद्यावर बसून विचारलं होतंस, "देवीला ऊन लागत नाही का?" त्याची फार आठवण झाली.

बाबांनी गुऱ्हाळावरनं नवा गूळ आणलाय. तो आणि कांदा-लसूण मसाला शनिवारच्या ट्रॅव्हल्सनं पाठवते. डबा घट्ट लावून ठेव, मुंग्या लागतील.

आणि मला दोन ओळी लिही. अभ्यासाचं नको, ते कळतंच. मेसमध्ये तुझ्या शेजारी जेवायला बसतो तो कुठल्या गावचा, एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
आई