कापणी नव्हे, सरवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ज्याँ-फ्रान्स्वा मिये या फ्रेंच चित्रकाराचं 'द ग्लीनर्स' हे १८५७ सालचं चित्र आपण अर्धं पान देऊन छापलंत, त्याबद्दल आभार. पण चित्राखालची ओळ वाचून वाईट वाटलं. 'कापणीत रमलेल्या शेतकरी स्त्रिया' असं तिथे लिहिलं होतं. त्या तिघी कापणी करत नाहीत. कापणी केव्हाच उरकली आहे. त्या सरवा वेचत आहेत.

शेतातलं पीक निघाल्यावर मागे सांडलेल्या ओंब्या, कणसं, शेंगा गोरगरिबांनी वेचून न्यायच्या, तो सरवा. माझी आजी गव्हाची सोंगणी झाली की सरव्याला जायची. लहानपणी तिच्यामागे मीही गेले आहे. धसकटं पायाला टोचायची. दुपार कलेपर्यंत वेचलं तर कुठे ओटी भरायची, आणि घरी आणून कुटलं-पाखडलं की त्याचे सूपभर गहू निघायचे. वाकून वाकून कंबर धरली की आजी एक हात पाठीवर ठेवायची आणि दुसऱ्याने वेचत राहायची. सरळ उभी राहायची नाही, कारण पुन्हा वाकताना जास्त दुखतं. मियेच्या चित्रातली डावीकडची बाई पाहा. तिचाही एक हात असाच पाठीवर आहे, मुठीत वेचलेल्या काड्या आहेत आणि दुसरा हात जमिनीला टेकायला आला आहे. हा माणूस नॉर्मंडीतल्या ग्रुशी या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मला, तरुणपणी स्वतः शेतात राबला. ज्याने वाकून काम केलं आहे त्यालाच हे दिसतं.

आता या बायकांच्या मागे बघा. छापलेल्या चित्रात ते बारीक दिसतं, पण सगळी गोष्ट तिथेच आहे. लांबवर उन्हात गव्हाच्या उंच गंज्या रचल्या आहेत, गाडी भरली जाते आहे, मजुरांची गर्दी आहे, आणि उजव्या कोपऱ्यात घोड्यावर बसून कारभारी देखरेख करतो आहे. सोन्यासारखा उजेड आहे तो सगळा त्या गंज्यांवर. या तिघी पुढे, मळकट सावलीत. पीक एवढं उदंड आलं आहे आणि यांच्या वाट्याला एकेक काडी. दुष्काळाचं चित्र असतं तर आपण हळहळून पान उलटलं असतं. मियेने सुगीचं चित्र काढलं, म्हणून ते टोचतं.

फ्रान्समध्ये सरवा वेचणं हा गरिबांचा जुना, कायद्याने मानलेला हक्क होता, पण त्यालाही अटी होत्या. शेत पूर्ण रिकामं झाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर वेचायचं नाही. म्हणजे सांडलेलं उचलायलाही वेळेचं बंधन. आमच्याकडे कायदा नव्हता, मालकाची मर्जी होती. एका बागाइतदाराने आजीची भरलेली ओटी बांधावर उलटी करायला लावली होती, ते मी विसरलेले नाही.

पॅरिसच्या सलोँ प्रदर्शनात हे चित्र लागलं तेव्हा फ्रान्समधल्या राजाला पायउतार करणाऱ्या १८४८ च्या क्रांतीला दहा वर्षंही झाली नव्हती. खात्यापित्या प्रेक्षकांना ते आवडलं नाही. एका समीक्षकाने या तिघींना दारिद्र्याच्या देवता म्हटलं, दुसऱ्याला त्यांच्या मागे फ्रेंच राज्यक्रांतीतले १७९३ चे वधस्तंभ दिसले. भाले नाहीत, घोषणा नाहीत, तीन वाकलेल्या बायका फक्त. एकीचाही चेहरा धड दिसत नाही. तरी लोक घाबरले. मला वाटतं, त्या टीकाकारांनी चित्र आपल्यापेक्षा नीट वाचलं होतं.

मियेला या चित्राचे तीन हजार फ्रँक मिळाले, तेही मागितलेली किंमत उतरवून. तो गेला १८७५ साली. १८८९ मध्ये हेच चित्र लिलावात तीन लाख फ्रँकला गेलं. त्या वाढीतला एक पैसाही त्याच्या घरच्यांच्या हाती पडला नसणार.

हे सगळं एका ओळीसाठी कशाला, असं वाटेल. पण 'कापणीत रमलेल्या' म्हटलं की त्या मजुरी मिळवणाऱ्या, समाधानी बायका होतात आणि चित्र दिवाणखान्यातल्या कॅलेंडरचं होतं. गावाकडच्या कष्टांचं वर्णन करताना आपल्याकडे 'रमलेल्या', 'हसतमुख' हे शब्द फार सहज येतात. माझी आजी सरव्यात कधी रमली नव्हती. घरी पीठ नसायचं म्हणून ती जायची.

आपल्याकडे या चित्रासाठी तयार, नेमका शब्द आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापून चित्राखाली एवढंच लिहावं, ही विनंती: 'सरवा वेचणाऱ्या तिघी'.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सिन्नर (जि. नाशिक)