‘मागावे’ हा शब्द गेला कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ‘रोमन कवीची अमृतवचने’ हे पान वाचले. ज्युव्हेनलसारख्या खवचट कवीच्या ओळींना अमृतवचने म्हणण्याचे धाडस आपल्याच पुरवणीने करावे; ते असो. परंतु चौकटीत ठळक टायपात ‘निरोगी शरीरातच निरोगी मन वसते’ असे छापून त्याखाली त्याचे नाव घातले आहे, ते मुकाट्याने सोडून देणे मला शक्य नाही.

ज्युव्हेनलने असे म्हटलेलेच नाही. त्याच्या दहाव्या उपहासकवितेतील ३५६वी लॅटिन ओळ नऊ शब्दांची आहे. त्यांतले शेवटचे पाच शब्द जगभर भिंतींवर रंगवले जातात आणि ‘ओरांदुम एस्त उत सित’ हे पहिले चार गाळले जातात. ते जागेवर ठेवले की अर्थ होतो : निरोगी शरीरात निरोगी मन असावे, असे देवाकडे मागावे. हे मागणे आहे, सिद्धान्त नव्हे. ‘हेचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा’ हे वाचून ‘माणसाला देवाचा विसर पडत नसतो, असे तुकोबा सांगतात’ असे आपण छापाल काय?

इतक्या तावातावाने लिहिण्यास कारण आहे. आमच्या शाळेच्या व्यायामशाळेत, मल्लखांबामागच्या भिंतीवर, हेच वाक्य निळ्या ऑइलपेंटने लिहिलेले होते. माझ्या धाकट्या भावाला दमा होता. कवायतीत त्याला धाप लागली की मास्तर त्याला रांगेबाहेर काढून त्या भिंतीपुढे उभे करीत आणि ते वाक्य मोठ्याने वाचायला लावीत. ‘निरोगी’ आणि ‘शरीरातच’ यांच्यामध्ये त्याला थांबून श्वास घ्यावा लागे आणि पोरे हसत. दोन इयत्तांची कवायत एकत्र असे, त्यामुळे हसणाऱ्यांत मीही होतो. भाऊ गणितात वर्गात पहिला येई. तरीही ‘डोकेही असेच असणार’ हा मास्तरांचा शेरा ठरलेला.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजी भाषांतर हाती आले, तेव्हा ती कविता मी केवळ त्या भिंतीवरच्या रागापोटी वाचून काढली. माणसे देवाकडे जे जे मागतात ते मिळाल्यावर त्यांची काय गत होते, याचा ३६६ ओळींचा पाढाच तेथे आहे. इ. स. ३१ मध्ये सम्राट तिबेरियसचा उजवा हात असलेल्या सेजानसचा वध होतो, त्याचे पुतळे भट्टीत वितळतात आणि ज्या चेहऱ्यापुढे रोम झुकत होते त्यातून सुरया, पराती, तवा आणि मूत्रपात्रे घडतात. रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स ओलांडतो, तो अखेर शाळकरी पोरांच्या वक्तृत्वाचा विषय होण्यासाठी. दीर्घायुष्य मागणाऱ्यांचे हाल तर आता माझ्या वयात वाचवत नाहीत. हे सगळे मोडीत काढून झाल्यावर, काही मागायचेच असेल आणि त्यासाठी पांढऱ्या डुकराची आतडी नि सॉसेज देवळात वाहायचीच असतील, तर हे मागा, असे तो जाता जाता म्हणतो आणि पुढच्याच ओळीत मरणाला न भिणारे मन मागायला सांगतो. दमेकरी मुलाला भिंतीपुढे उभे करण्याची परवानगी मला त्यात कोठेही आढळली नाही.

निवडणुकीच्या दिवसांत आपल्या अग्रलेखात हमखास येणारी ‘भाकरी आणि सर्कस’ (म्हणजे पोटाला अन्न आणि डोळ्यांना तमाशा मिळाला की जनता खूश) ही उक्तीदेखील याच कवितेतली. तेथील सर्कस म्हणजे मुख्यतः रथांच्या शर्यती. मागे आपण त्यासोबत विदूषकाचे चित्र छापले होते.

त्या चित्राविषयी मी तेव्हाही लिहिले होते. ते पत्र आपण छापलेत, पण पहिले वाक्य आणि आभार एवढेच ठेवून, त्यामुळे मी विदूषकाची प्रशंसा केली असा शेजाऱ्यांचा समज झाला. हेही पत्र जागेअभावी कापावे लागलेच, तर डुकराचे सॉसेज खुशाल कापावे. ‘मागावे’ हे क्रियापद तेवढे राहू द्यावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, मिरज