शिफारस ताजी नको, मुरलेली हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत पुस्तकं, पेहराव, नवी उपकरणं, नव्या कल्पना यांतल्या निवडक गोष्टी सुचवणारं सदर येतं. पुरवणी हातात पडली की मी आधी ते वाचते, राशिभविष्यसुद्धा त्यानंतर. त्यामुळे ही तक्रार परक्याची नाही, घरातल्या माणसाची आहे असं समजावं.

काही महिन्यांपूर्वी सदरात एका शर्टाची भरपूर भलामण आली होती. रंग 'शांत' आहे, कापड 'श्वास घेतं' वगैरे. मी घेतला. कापड खरंच चांगलं होतं. पण तिसऱ्या धुण्याला कॉलरीवर फोड आल्यासारखे फुगे आले. इस्त्री फिरवली की बसायचे, वाळत घातला की पुन्हा वर. शेवटी एका बाजूची शिवण उसवून पाहिली. आतलं बकरम, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून घातलेलं अस्तर, शिवलेलं नव्हतं, उष्णतेनं चिकटवलेलं होतं. धुताना वरचं कापड आटलं, बकरम तेवढं आटलं नाही, आणि दोहोंमधली पकड सुटली. चिकटवलेलं बकरम वाईटच असतं असं नाही, नीट बसवलेलं असेल तर शर्ट विरेपर्यंत हलत नाही. पण कुठलं कसं आहे हे धुतल्याशिवाय कळत नाही, आणि लेख लिहिणाऱ्यानं तो शर्ट एकदाही धुतला नसावा अशी मला दाट शंका आहे.

तसंच एक नोंदी ठेवायचं ॲप. तेही सदरातूनच कळलं. दीड वर्षानं ते बंद पडलं. नोंदी बाहेर काढू दिल्या, पण त्या ज्या रूपात निघाल्या ते दुसरं कुठलंच ॲप उघडेना. आता मी साध्या टेक्स्ट फाइलीत लिहिते.

माझं म्हणणं एवढंच की, आपलं सदर नव्या वस्तूची ओळख करून देतं आणि त्याला शिफारस म्हणतं. ओळख एका संध्याकाळी होते. शिफारशीला वापर लागतो, आणि वापराला दिवस लागतात.

'आवडलं नाही तर लोक स्वतःच बाजूला टाकतात, चांगलं तेच टिकतं,' असं कुणी म्हणेल. मलाही तसंच वाटायचं. पण अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला, तो वाचल्यापासून माझा हा विश्वास डळमळला. अनोळखी बँडची ४८ गाणी त्यांनी इंटरनेटवर ठेवली. ऐकायला आले १४ हजारांहून जास्त लोक. काहींना फक्त गाण्यांची आणि बँडची नावं दिसत. बाकीच्यांची आठ वेगवेगळ्या गटांत विभागणी केली होती, आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड करून घेतलं याचा आकडा त्यांना समोर दिसे. गाणी तीच, सुरुवात सगळीकडे शून्यापासून. तरीही आठ गटांत आठ वेगळ्या क्रमवाऱ्या तयार झाल्या. आकडे न पाहता ऐकणाऱ्यांनी ज्या गाण्याला साधारण मधली जागा दिली होती, ते एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या एका गटात चाळिसावं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्या गर्दीचं नशीब सुरुवातीच्या थोड्या लोकांनी ठरवलं.

आता, आपलं सदर म्हणजे ते सुरुवातीचे थोडे लोक. आपण बोट दाखवलं की दहा जण तिकडे बघतात, मग शंभर. म्हणून बोट दाखवण्याआधी जरा थांबा, असं म्हणते.

अमेरिकेतच १९३६ साली ग्राहकांची एक संस्था उभी राहिली, 'कन्झ्युमर्स युनियन'. ती आपल्या मासिकात जाहिरात घेत नाही, आणि जी वस्तू तपासायची ती साध्या गिऱ्हाइकासारखी दुकानातून विकत घेते. आपल्याकडून प्रयोगशाळेची अपेक्षा नाही. पण वस्तू लेखकानं स्वतः विकत घेतली की कंपनीनं पाठवली, आणि ती किती दिवस वापरली, एवढं लिहायला दोन ओळी पुरतात. तिसरी ओळ दोषाची. दोष नसलेली शिफारस वाचली की मला स्थळाचं वर्णन वाचल्यासारखं वाटतं.

पुस्तकांना, नाटकांना हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही, हे मान्य. कादंबरी काही धुवून बघता येत नाही. तिथे 'हे कुणाला आवडणार नाही' हे सांगितलं तरी पुष्कळ झालं. संथ गद्याचा कंटाळा असणाऱ्यानं वाटेला जाऊ नये, असं एकदा आपल्याच सदरात वाचलं आणि त्याच वाक्यामुळे मी ते पुस्तक घेतलं. मला संथच आवडतं. आणि वर्षातून एका रविवारी जुन्या शिफारशींकडे परत फिरावं. मागच्या वर्षी सुचवलेल्यांपैकी लेखकाच्या घरात आज काय उरलं आहे? तो अंक मी जपून ठेवीन.

नुसती तक्रार नको म्हणून माझी एक शिफारस. बाइंडर क्लिप, म्हणजे कागदांचा गठ्ठा धरून ठेवणारा तारेच्या कानांचा चिमटा. लुई बाल्ट्झ्ली या अमेरिकी माणसाला १९१५ साली तिचं पेटंट मिळालं, आणि तिचा घाट आजही जवळपास तोच आहे. मी मधल्या आकाराची एक टेबलाच्या कडेला लावली आहे आणि तिच्या तारेच्या कानातून चार्जरची वायर ओवली आहे, टोक आता जमिनीवर घसरत नाही. वापर तीन वर्षं, स्वतः विकत घेतलेली. दोष दोन: काळा रंग कोपऱ्यांवर उडतो, आणि कागदांना लावून ठेवली तर वरच्या कागदावर वळ उठतो.

कळावे,
आपली एक नियमित वाचक