निराधारांसाठीची २१ हजारांची अट बदला

दि. २० जून २०२५, कोल्हापूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लक्ष्मीपुरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. जून महिन्यात आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. अकरावी, डिप्लोमा, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला यासाठी पोरं आणि त्यांचे आईवडील दारात छत्र्या झटकत उभे असतात. त्या गर्दीत मागे भिंतीला टेकून एखादी म्हातारी बाईही उभी असते. तिला कुठला प्रवेश नको असतो. तिला महिन्याची पेन्शन सुरू व्हायला हवी असते. पोरांच्या कामाला शेवटची तारीख असते, म्हणून आम्ही पोरांना पुढे घेतो आणि ती तशीच उभी राहते. निराधारांच्या पेन्शनसाठी वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं, त्या अटीत अडकलेल्या अशाच एका मावशींसाठी हे पत्र लिहिते आहे. त्यांना लिहिता येत नाही.

मावशी सुतारवाड्याजवळ एका खोलीत एकट्या राहतात. नवरा इथल्याच धान्य बाजारात हमाली करायचे, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. मूलबाळ नाही. मावशी दोन घरची धुणीभांडी करतात. एका घरचे बाराशे, दुसऱ्या घरचे बाराशे. आधी चार घरं होती, गुडघे गेले तशी दोन सुटली. त्यांची सगळी कागदपत्रं एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत असतात. २०१९ च्या महापुरात जुनं रेशन कार्ड आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला पाण्यात गेला. तेव्हापासून ती पिशवी घरात छताजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. माझ्याकडे आल्या की पिशवीतला एकेक कागद काढून टेबलावर ठेवतात, तळहाताने सपाट करतात आणि मग म्हणतात, "बघ ताई, ह्यात काय असलं तर."

गेल्या वर्षी लाडकी बहीण योजना आली, तेव्हा त्यांचा फॉर्म मीच भरला. वयाची अट २१ ते ६५ वर्षं, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. मावशींचं कार्ड केशरी. अर्ध्या तासात काम झालं. रक्षाबंधनाच्या आधी जुलै-ऑगस्टचे तीन हजार खात्यावर आले. त्या पैशातून त्यांनी खोलीच्या पत्र्याला ताडपत्री घातली आणि राहिलेले बँकेतच ठेवले. डिसेंबरपर्यंत दर महिन्याचे पंधराशे नीट येत होते. या योजनेविषयी कोणी काहीही म्हणो, माझ्या दुकानात येणाऱ्या बायकांच्या पासबुकात स्वतःच्या नावावर पैसे जमा झालेले मी पहिल्यांदा पाहिले, हे मला सांगितलंच पाहिजे.

जानेवारीत पैसे आले नाहीत. मावशी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, ह्या म्हैन्याचं पैसं आलं न्हाईत. मी चारदा बँकेत जाऊन आलो." (आमच्या कोल्हापुरात जुन्या बायका स्वतःविषयी अशाच बोलतात, आलो, गेलो, करतो.) मी आधार कार्ड पाहिलं. जन्मतारीख १ जानेवारी १९६०. खरी तारीख कोणालाच माहीत नाही. आधार काढताना अंदाजाने वर्ष सांगितलं की बहुतेकांच्या कार्डावर १ जानेवारी पडली. तर त्या १ जानेवारीला मावशींना कागदोपत्री पासष्ट वर्षं पूर्ण झाली आणि त्या योजनेबाहेर गेल्या.

मी म्हटलं, काळजी करू नका, पासष्ट झाली म्हणजे श्रावणबाळ मिळेल. तिथेही महिन्याला १,५०० च मिळतात. निराधार विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी यांच्यासाठी १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे आणि पासष्टीच्या पुढच्या गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा निवृत्तीवेतन. पण फॉर्म उघडला आणि उत्पन्नाच्या रकान्याशी अडले. श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. वर्षाला एकवीस हजार म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. मावशींचे दोन घरचे चोवीसशे, बारा महिन्यांचे झाले २८,८००. म्हणजे ३१ डिसेंबरला ज्या बाईला सरकार अडीच लाखांच्या आतली गरीब म्हणत होतं, तीच बाई दुसऱ्या दिवशी २१ हजारांच्या वरची म्हणून श्रावणबाळसाठी अपात्र झाली. त्या एका रात्रीत तिचा एक रुपया वाढला नव्हता. वाढलं ते वय, आणि वयामुळेच तर तिची दोन घरं सुटली होती.

यावर काय करायचं ते बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. "घरकामाचं लिहू नका, २० हजार टाका." एका कार्यालयातल्या कारकुनाने मला हेच सांगितलं. मी त्याला दोष देत नाही, बिचारा मदतच करत होता. खरं लिहिलं तर म्हातारीचा अर्ज पुढे सरकणार नाही हे त्यालाही कळत होतं. माझ्या दुकानातून गेलेल्या बहुतेक अर्जांत उत्पन्नाचा आकडा १८, २० किंवा २१ हजार असाच असतो. त्यातले कितीतरी माझ्या हाताने लिहिलेले आहेत. या पत्राखाली मी नाव घालत नाही त्याचं कारण हेच.

मावशींना मी स्वयंघोषणापत्र वाचून दाखवलं. वरील माहिती खरी आहे, खोटी निघाल्यास मी शिक्षेस पात्र राहीन, असं त्यात असतं. मग म्हटलं, मावशी, २० हजार लिहू का? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. पदराने अंगठा पुसत होत्या, कारण सही नाही, अंगठाच द्यायचा होता. मग म्हणाल्या, "मी भांडी घासतो ते लपवायचं कशापायी? चोरी केली व्हय मी?" आणि कागद परत पिशवीत भरायला लागल्या.

त्या दिवशी माझ्याकडून पुढचं काम नीट झालं नाही.

संपादक महोदय, अट कडक असावी, खोट्या लोकांनी पैसे नेऊ नयेत, हे मलाही मान्य आहे. पण या अटीने खोटा माणूस अडत नाही, तो २० हजार लिहून मोकळा होतो. अडतो तो खरं सांगणारा. आणि या आकड्याला आजच्या गरिबीचा काही आधार राहिलेला नाही. अनुदान महिन्याला ६०० रुपये होतं तेव्हा मर्यादा २१,००० होती. २०१९ मध्ये अनुदान १,००० झालं तेव्हाही २१,०००. २०२३ मध्ये १,५०० झालं तरी २१,०००. पंधराशेप्रमाणे वर्षाचं नुसतं अनुदानच १८,००० होतं. दिव्यांगांसाठी मर्यादा ५० हजार केली, म्हणजे आकडा वाढवता येतो हे सरकारला माहीत आहे. विधवा आणि वृद्धांचाच तेवढा जागेवर राहिला.

याच सरकारकडे गरिबीचा दुसरा आकडाही आहे. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबासाठी शहरात ५९,००० आणि खेड्यात ४४,००० ही वार्षिक मर्यादा आहे. मावशी त्यात बसतात. त्यांना महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. तिथे अडचण दुसरीच होती. साबण आणि घासणीने बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यामुळे रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटेना. ई-केवायसी राहिली म्हणून घाबरून आल्या होत्या. आता चेहऱ्यावरून केवायसी करायचं ॲप आहे, ते मी माझ्या फोनवर केलं. ॲप डोळे मिचकवायला सांगतं. मावशी डोळे गच्च मिटून बसायच्या, उघडायचं सांगेपर्यंत वेळ संपायची. पाचव्या वेळेला झालं. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांनी धान्य बंद होईल म्हणून घाबरू नये, चेहऱ्याने केवायसी होते, एवढं तरी हे वाचणाऱ्यांनी आपल्या शेजारच्या म्हाताऱ्यांना सांगावं.

सांगणारं कोणी नसतं ही दुसरी अडचण आहे. एप्रिलमध्ये राजेंद्रनगरकडची एक तिशीतली बाई आली. नवरा गवंडी, अचानक गेला, दोन मुलं शाळेत. तिला कोणीतरी फक्त "संजय गांधीचा फॉर्म भर" एवढंच सांगितलं होतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात, हे तिला ठाऊक नव्हतं. वडील गेलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून दरमहा प्रत्येकी २,२५० मिळू शकतात, हेही नाही. नवऱ्याची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होती म्हणे, पण ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र कोणी देईना म्हणून नूतनीकरण राहून गेलं होतं. एका घरातलं एक माणूस गेलं, त्यासाठी निरनिराळ्या खात्यांकडे वेगवेगळे अर्ज, आणि प्रत्येक ठिकाणी तेच आधार, तेच रेशन कार्ड, तोच मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद करायला घरचं माणूस जातं, तिथेच एक छापील कागद हातात ठेवायला काय हरकत आहे? दवाखान्याच्या बाबतीत हे जमलंय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालयातच आरोग्यमित्र बसतो, कागद तोच बघतो. माझ्या दिरांची अँजिओप्लास्टी त्याच योजनेतून झाली, आम्हाला एक रुपया भरावा लागला नाही. पेन्शनसाठी असा माणूस कुठेच बसत नाही. म्हणून लोक एजंटाकडे जातात, आणि एजंट पहिले दोन महिने आपले म्हणून मागतो. उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो, तरी कितीतरी जण अजून स्टँप आणा म्हणून सांगतात आणि म्हातारी माणसं आणतात.

माझी मागणी फार मोठी नाही. संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांची उत्पन्नमर्यादा निदान रेशनच्या मर्यादेएवढी करावी. लाडक्या बहिणीला पिवळं-केशरी कार्ड पुरावा म्हणून चाललं, तर त्याच बाईला पासष्टीनंतरही ते चालावं. आणि जिचं आधार, बँक खातं, रेशन कार्ड सरकारकडे आधीच तपासून जोडलेलं आहे, तिला पासष्ट पूर्ण होताच नव्याने दारोदार न फिरवता आपोआप श्रावणबाळमध्ये घ्यावं. रक्कम तीच आहे, पैसेही आता थेट खात्यावरच जातात, फक्त योजनेचं नाव बदलायचं आहे. आजच्या पद्धतीत दाखला काढा, राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा द्या, अर्ज करा, मग तालुका समितीची बैठक होईल तोवर थांबा, आणि मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला. यातलं तपासणीचं काम एकदा झालेलं असताना पुन्हा कशाला?

तिजोरीत पैसा कुठून येणार असं कोणी विचारेल. सरकारी नोकरीतल्या बायकांनीही लाडक्या बहिणीचे हप्ते घेतल्याचं सरकारनेच सांगितलं आहे. ती गळती थांबवा, माझी तक्रार नाही. पण पासष्टीच्या पुढची, एकटी राहणारी, भांडी घासून चोवीसशे कमावणारी बाई हा खर्च वाचवण्याचा मार्ग असू शकत नाही.

येत्या गुरुवारी, २६ जूनला, शाहू महाराजांची जयंती आहे. राज्यभर तो सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो, आणि ही पेन्शन ज्या खात्याकडून मिळते त्याच्या नावातही सामाजिक न्याय आहे. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला मंत्री येतील, आमदार येतील, अधिकारी येतील. मावशींची खोली तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. त्यांच्यापैकी कोणीतरी हे पत्र वाचावं आणि २१ हजारांच्या आकड्याचं काय करणार ते जाहीरपणे सांगावं, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रातून करते आहे.

मावशींचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. उत्पन्नाच्या रकान्यात २८,८०० लिहिलंय. खाली त्यांचा अंगठा आहे.

आपली,
एक झेरॉक्स दुकानदार, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर
(कृपया नाव छापू नये.)