डॉल्फिनच्या मागे बोटी पळवायला सांगू नका

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला ओमानमधल्या मुसंदमच्या डॉल्फिन-सफरीचा लेख वाचला आणि काल दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहितेय. फोटो सुंदर आहेत, त्याबद्दल आभार. पण बोटवाल्याला स्पीड वाढवायला सांगा, शिट्ट्या मारा म्हणजे डॉल्फिन येतात, हा सल्ला तुम्ही छापलातच कसा?

आम्ही बरीच वर्षं मस्कतला राहतो. मागच्या हिवाळ्यात नणदेची मुलं आली होती, त्यांना घेऊन मुसंदमच्या खोर शम खाडीत गेलो. एक मादी, तिच्या अंगाला चिकटून पिल्लू, आणि तीन बाजूंनी तीन बोटी. पिल्लू श्वासासाठी वर आलं की बोटी तिकडेच वळायच्या, की ते परत खाली. मी इंजिन बंद करा म्हटलं तर बोटवाला म्हणतो मॅडम, बाकीचे लोक पैसे परत मागतील, आणि बाकीचे लोकही माझ्यावरच चिडले, त्यात एक मराठी फॅमिलीपण होती. ते आठवलं की अजून संताप होतो.

हे डॉल्फिन फक्त थंडीत येतात असं लेखात म्हटलंय, ते चूक आहे. हम्पबॅक डॉल्फिन (पाठीवर कुबड असलेली जात) बारा महिने तिथेच, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात. पर्शियन आखाताची सरासरी खोलीच 35 मीटर, उन्हाळ्यात पाणी 35 डिग्रीच्या आसपास तापतं, वर टँकर, बंदरं, समुद्रात टाकलेले भराव, त्यांनी जायचं कुठे? अबुधाबीच्या पाण्यात ते 700 च्या आसपास आहेत आणि ही जगातली सगळ्यात मोठी नोंद, म्हणजे बाकीकडे किती कमी असतील बघा. आपल्या मालवणला दिसतात तेही याच जातीचे, तिथेही बोटी अशाच मागे लागतात.

ओमानच्या हम्पबॅक व्हेलबद्दल तर एक ओळ नाही! 100 सुद्धा उरले नसतील, आणि ते इतर हम्पबॅकसारखे थंड समुद्रात जात नाहीत, वर्षभर अरबी समुद्रातच. 2017 मध्ये माग काढायला टॅग लावलेली लुबान नावाची मादी ओमानहून निघून गोव्याच्या बाजूने पार कन्याकुमारीपर्यंत गेली होती. मराठी वाचकाला हे सांगायला नको?

पुढच्या रविवारी निदान एवढं छापा की डॉल्फिन दिसले की बोट लांब थांबवा, इंजिन बंद करा, पिल्लू असेल तर निघून जा.

आणि हो, वर्षाचे पैसे भरूनही तुमचा ई-पेपर इथे उघडत नाही, मेलला उत्तर येत नाही. हा लेखसुद्धा बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तेव्हा वाचायला मिळाला. तेवढं बघा प्लीज.

- एक वाचक, मस्कत