माझ्या भावाचे आयटीसीचे शेअर विकून इटर्नलचे घ्यायचे का?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या अर्थ पुरवणीत शेअर बाजाराचं बरंच काही येतं म्हणून लिहितोय. गेल्या महिन्यात पुतण्या घरी आला, पुण्यात आयटीत आहे, आणि म्हणाला काका, बाबांचे आयटीसीचे 800 शेअर विकून सगळे पैसे इटर्नलमध्ये टाकतो. आयटीसी म्हणजे ती सिगारेटवाली कंपनी, आणि इटर्नल म्हणजे आपलं घरपोच जेवण देणारं झोमॅटो, नाव बदललंय. त्याचं म्हणणं, आयटीसी म्हाताऱ्यांचा शेअर आहे, जागचा हलत नाही, आणि झोमॅटो बघा, 2022 च्या जुलैत 40 ला होता तो 2024 च्या डिसेंबरात 300 ला गेला आणि त्याच महिन्यात सेन्सेक्समध्ये पण आला.

खरंय. पण 40 ला घेतला किती जणांनी? आयपीओ, म्हणजे लोकांना शेअरची पहिली विक्री, 2021 ला 76 रुपयांना आला, त्याच वर्षी नोव्हेंबरात भाव 169 वर, आणि मग आठ महिन्यांत 40. तेव्हा कंपनी तोट्यात होती, वर ब्लिंकिट, ती काही मिनिटांत किराणा घरपोच देणारी कंपनी, विकत घ्यायला निघालेली. पहिला तिमाही नफा दिसला तो 2023 च्या एप्रिल-जूनमध्ये, तोही 2 कोटी. लाँग टर्म म्हणजे तो मधला काळ हातात शेअर धरून बसणं, हे कोणी सांगतच नाही.

मी पुतण्याला कागदावर मांडून दाखवलं. 2023-24 मध्ये झोमॅटोचा नफा 351 कोटी, आयटीसीचा 20 हजार कोटींच्या वर. आणि 2024 च्या डिसेंबरात बाजार झोमॅटोची किंमत लावत होता साधारण 2.8 लाख कोटी, म्हणजे नफ्याच्या जवळपास 800 पट, आयटीसीला 28 पट. कंपनी चांगली आहे हो, प्रश्न तो नाहीच, पुढच्या किती वर्षांची वाढ आपण आजच पैसे मोजून विकत घेतोय हा आहे. आणि वाढ काही सरळ रेषेत होत नाही, ब्लिंकिटची नवी नवी गोदामं उघडण्यात खर्च झाला आणि 2025 च्या जानेवारी-मार्चला नफा आदल्या वर्षीच्या 175 कोटींवरून 39 वर आला.

आता आयटीसी म्हणजे एकदम सेफ असंही मी म्हणत नाही. 2017 च्या जुलैत सिगारेटवरचा सेस, म्हणजे जादा कर, वाढला तेव्हा एका दिवसात बारा-तेरा टक्के पडला होता, तेव्हा 300 च्या वर असलेला शेअर 2020 ला 200 च्या खाली होता. भाऊ तेव्हा हयात होता, रोज पेपरात भाव बघून गप्प बसायचा. पण डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, थांबला नाही. 2023-24 चा शेअरमागे 13.75 रुपये, म्हणजे 800 शेअरचे 11 हजार, शेअर आता वहिनींच्या नावावर आहेत, मेसेज आला की त्या चष्मा लावून आकडा डायरीत उतरवतात आणि त्यातून घरपट्टी भरतात. झोमॅटोने अजून एक रुपया डिव्हिडंड दिलेला नाही. पुतण्या तिशीचा आहे, त्याला चालेल, वहिनी 64 च्या आहेत.

शेवटी असं ठरलं की वहिनींचे शेअर तसेच राहतील आणि तो स्वतःच्या पगारातून दर महिन्याला थोडे थोडे इटर्नल घेईल, पडले तरी.

एक विनंती. पुरवणीत भाव छापता त्याच्या शेजारी त्या कंपनीचा वर्षाचा नफा आणि भाव नफ्याच्या किती पट आहे हेही छापा, जागा फार लागणार नाही.

आपला,
एक वाचक, मिरज